शेजारणीचा डबा सहा महिने माझ्याकडे आहे

पत्र मोठं होतं, आवरून देते.

"ताई, आम्ही मूळचे बार्शी तालुक्यातले. नवऱ्याची नोकरी मुंबईत, म्हणून दोन वर्षांपूर्वी भायखळ्याला आलो. स्टेशनच्या पूर्वेला जुनी चार मजली इमारत आहे, तिथं भाड्याने राहतो. खाली एकट्या पारशी आजी, वर ख्रिश्चन कुटुंब, सगळ्यात वर कच्छी जैन आणि आमच्या समोरच्या दारात मुसलमान कुटुंब. सासूबाई माळकरी आहेत, आमच्या घरात अंडंही येत नाही. गेल्या रमजान ईदला समोरच्या भाभींनी स्टीलच्या डब्यातून शीरखुर्मा पाठवला. मी घेतला, दार लावलं आणि डबा न उघडताच खाली वॉचमनला दिला. संध्याकाळी जिन्यात त्यांनी विचारलं, 'कसा झाला होता?' मी म्हटलं, 'एकदम छान.' वॉचमनकडून रिकामा डबा आणून घासून ठेवलाय. तो अजून ओट्याखाली आहे. रिकामा द्यायला हात होत नाही आणि भरून काय द्यावं सुचत नाही. आता समोर आल्या की मी मोबाइलमध्ये बघते.

"बकरी ईदला मागच्या अंगणात बोकड बांधला होता. माझी आठ वर्षांची मुलगी त्याला पाला घालायची, नावही ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो दिसेना, तेव्हा 'गावाला गेला' असं मी सांगितलं. तिला शाळेत कुणीतरी खरं सांगितलं. दोन दिवस जेवली नाही आणि माझ्याशी बोलली नाही. दीर म्हणतात, त्र्याण्णव साल विसरलात का, बदलापूरला आपल्या माणसांत फ्लॅट घ्या. आणि मुलगी परवा विचारत होती, 'आई, आपण इथले नाही ना?' मी काय करू?"

अहो बार्शीकर,

आधी डब्याचं, कारण तुमच्या पत्रात खरी अडचण तेवढीच आहे. बाकीचं सगळं त्या डब्याला येऊन चिकटलंय.

शीरखुर्मा म्हणजे दूध, शेवया, खारीक, साखर, तूप, वर बदाम-चारोळी. तुमच्याकडे सणाला शेवयांची खीर होते तिचीच ही श्रीमंत बहीण. मांसाचा त्यात संबंध नाही. तुम्ही झाकण उघडून वास जरी घेतला असता तरी वेलदोडा कळला असता. हे मी टोचायला लिहीत नाही. (थोडं टोचायला लिहितेय.) माळकरी घरात मांसाहारी स्वयंपाकघरातलं भांडंसुद्धा चालत नाही, हे मला ठाऊक आहे. माझी आत्या पंढरीची वारकरी होती, ती आमच्या घरी आली की स्वतःचा पितळी तांब्या घेऊन यायची आणि आईचा चहासुद्धा प्यायची नाही. आई तिची सख्खी भावजय. पण आत्या ते तोंडावर सांगायची, हसत सांगायची, आणि मग तासभर आमच्या ओट्यावर बसून गप्पा मारायची. कुणाला वाईट वाटायचं नाही. तुम्ही 'आम्हाला चालत नाही' म्हणाला असतात तर भाभींना एक क्षण वाईट वाटलं असतं. 'एकदम छान' म्हणालात आणि सहा महिने तोंड चुकवताय. तुमचा वॉचमन बोलका असेल, तर तो डबा कुणी खाल्ला हे त्यांना केव्हाच कळलेलं असणार. बहुतेक वॉचमन बोलके असतात.

दुसरी गोष्ट. तुम्ही लिहिलंय की भाभींशी बोलताना हिंदी अडखळतं, म्हणून बोलणंच होत नाही. तुम्ही त्यांचं आडनावही लिहिलंय. मी ते छापत नाही, पण ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाच्या नावापुढे 'कर' लागून झालेलं आहे. अहो, त्या कोकणी मुसलमान आहेत. त्यांच्या घरात जी बोली बोलतात ती मराठीचीच कोकणी बोली. त्यांच्या आजीला फणसाची सांदणं येत असणार, नारळाशिवाय त्यांचं पान हलत नसणार, आणि मे महिन्यात त्या गावाला जात असणार, जसं तुम्ही बार्शीला जाता. दोन वर्षं तुम्ही दोघी मराठी बायका एकमेकींशी मोडक्या हिंदीत 'पानी आया क्या' करताय! भायखळ्यात हे नेहमीचं आहे. समोरचा मुसलमान दिसला की मराठी माणूस आपोआप हिंदीवर जातो, आणि समोरचाही बिचारा उगाच घोळ नको म्हणून हिंदीतच उत्तर देतो. उद्या सकाळी मराठीत विचारून बघा, आणि मग त्यांचा चेहरा कसा होतो ते मला कळवा.

आता डबा भरून काय द्यायचा? दिवाळीची वाट बघू नका. फराळाचा डबा सगळेच पाठवतात, त्यात तुमचं काही दिसणार नाही. शिवाय दिवाळीपर्यंत तुम्ही आणखी एक कारण शोधाल. तुमच्या भागातली शेंगाचटणी द्या. खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली, लसणाची. मिक्सरवर केलीत तर तीही चालेल, पण मग भुगा करू नका, थोडी भरड ठेवा. सोबत ज्वारीच्या चार कडक भाकऱ्या. भाताच्या मुलखातल्या बाईला कडक भाकरी म्हणजे नवल असतं. पहिल्यांदा त्या तिला पापडच समजतील.

आणि दारात उभं राहून काय बोलायचं, तेही सांगते. 'भाभी, तुमचा डबा माझ्याकडे राहिला. खरं सांगायचं तर शीरखुर्मा मी खाल्ला नव्हता. आमच्या सासूबाई माळकरी आहेत, त्यात काय असतं मला माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली.' एवढंच. मग गप्प बसा, त्यांना बोलू द्या. सासूबाईंना मांसाहारी घरातलं काहीच चालणार नसेल तर तेही तेव्हाच सांगून टाका: 'आमच्याकडे फळं, खजूर, सुका मेवा चालतो.' पुढच्या ईदला खजुराचं पाकीट येईल. मिश्र वस्तीत सगळ्यांनी सगळ्यांचं खाल्लं पाहिजे, असा एक भाबडा समज आहे. तसं काही नाही. तुमच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरचे जैन कांदा-बटाटाही खात नसतील. त्यांनी ते सांगितलेलं असेल, म्हणून कुणी त्यांना भजी देत नाही आणि कुणी रुसतही नाही.

बोकडाबद्दल मात्र मी तुमच्या बाजूची नाही. मुलीला रडू आलं ते बोकडासाठी, आणि ती बोलेनाशी झाली ते 'गावाला गेला' यासाठी. आठ वर्षांचं मूल खोटं बरोबर ओळखतं. तिला सांगा की ती त्यांची कुर्बानी असते, मटणाचे वाटे करून नातेवाइकांत आणि गरिबांत वाटतात. सांगा की आपण खात नाही, आपल्याला वाईट वाटलं तरी चालतं, रडलं तरी चालतं. आणि हेही सांगा की बार्शीच्या आसपासच्या कितीतरी गावांत आखाडात आणि जत्रेत देवापुढे बोकड पडतो. तुमच्या भावकीत कुणीच खात नाही, असं मला म्हणू नका. हे तिला आत्ता कळलं नाही तर मोठेपणी ती समजेल की बोकड फक्त समोरच्या दारातलेच कापतात. पुढच्या वर्षी पाला घालायला जाऊ द्यायचं की नाही, ते तिला विचारून ठरवा. माझ्या धाकट्या भावाने लहानपणी एकदा घातला, पुन्हा कधी घातला नाही. तो आज मटण मिटक्या मारत खातो, ते वेगळं.

जिन्यातल्या सुक्या बोंबलाच्या वासाचीही तक्रार तुम्ही लिहिलीय, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. दोन वर्षांत सवय झाली नसेल तर उदबत्ती लावा.

आता दिरांच्या त्र्याण्णवविषयी. हा विषय हसण्यावारी न्यायचा नाही, आणि ते उगाच घाबरवताहेत असंही मी म्हणणार नाही. मी आग्रीपाड्याच्या बीआयटी चाळीत वाढले. या चाळी १८९६ च्या प्लेगनंतर नेमलेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधल्या. त्यामुळे त्यांत गिरणीवाले, गोदीवाले, घाटी, कोकणी सगळे एकाच नळावर. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि माझे वडील घरी बसले. तेव्हा कोपऱ्यावरच्या मुसलमान वाण्याने आम्हाला वर्षभर उधारीवर धान्य दिलं. वहीत नुसते आकडे चढत गेले, त्याने कधी हाक मारून मागितले नाहीत. आणि अकरा वर्षांनी, जानेवारी १९९३ मध्ये, त्याचं दुकान जळलं. आमच्या जिन्यात काही झालं नाही. ते शेजारामुळे की नशिबाने, हे मला आजही सांगता येत नाही. पण दुकान जळल्यावर माझी आई त्याच्याकडे गेली नाही. काय बोलावं कळेना, लाज वाटली, म्हणाली उद्या जाऊ, परवा जाऊ. काही महिन्यांनी एका सकाळी तो टेम्पोत सामान भरून मुंब्र्याला निघून गेला. त्या वर्षांत अशी हजारो बिऱ्हाडं हलली, मुसलमान मुंब्र्याकडे, हिंदू आणखी कुठे. मुंबईचे पुष्कळ मोहल्ले आज एकरंगी दिसतात, त्याला ती वर्षंही कारण आहेत. आई नंतर वीस वर्षं अधूनमधून म्हणायची, 'जायला पाहिजे होतं.' तुमच्या डब्याचं वाचलं आणि मला पहिल्यांदा तेच आठवलं. म्हणून एवढी मागे लागलेय.

दिरांना एक गोष्ट सांगा. भिवंडीत १९८४ मध्ये भयंकर दंगल झाली होती. १९८८ च्या सुमारास तिथे सुरेश खोपडे नावाचे पोलीस अधिकारी आले आणि त्यांनी गल्लीगल्लीत मोहल्ला कमिट्या काढल्या. त्यांत पुढारी नव्हते, त्याच गल्लीतली दोन्हीकडची साधी माणसं होती आणि पोलिसांबरोबर बसून गटार-नळापासून सगळं बोलत होती. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही तशा कमिट्या निघाल्या. माझ्या मते त्यात मोठं तत्त्वज्ञान काही नाही. अफवा आली की फोन करून 'अरे, खरं आहे का?' विचारायला पलीकडे ओळखीचा माणूस लागतो, आणि ती ओळख दंगलीच्या दिवशी करता येत नाही. तुमच्याकडे समोरच्या दाराचा फोन नंबर आहे का? पत्रावरून तरी नसावा.

लालबागच्या राजाची विसर्जन मिरवणूक भायखळ्याला येते तेव्हा अग्निशमन दलाचे बंब भोंगे वाजवून सलामी देतात, हिंदुस्तानी मशिदीपाशी मुसलमान मंडळी स्वागत करतात, सगळ्या वाहिन्यांवर दिसतं. मला ते आवडतं, दरवर्षी डोळ्यांत पाणी येतं. पण तो वर्षातला एक दिवस. तुमच्या जिन्याला उरलेले ३६४ आहेत, तिथे कॅमेरा नसतो आणि पाण्याचा पंप कुणी बंद करायचा यावरून वाद असतो.

बदलापूरला जायचं तर जरूर जा. स्वतःचं घर ही मोठी गोष्ट आहे, आणि भायखळ्यात तुमच्या पगारात ते होणार नाही हे मलाही कळतं. पण मग ते हिशेबाने ठरवा. हप्ता किती, तिथून लोकलने एका बाजूला दीड तासाच्या आसपास, म्हणजे नवऱ्याचे रोजचे तीन तास, मुलीची शाळा, सासूबाईंचे डॉक्टर. 'आपली माणसं' हे कारण त्या कागदावर लिहू नका. आपल्या माणसांच्या सोसायट्यांतही पार्किंगवरून पोलीस येतात. आणि या 'आपल्या माणसांचा' खेळ कसा चालतो ते मराठी माणसाला सांगायला नको. याच मुंबईत मासे खातात म्हणून मराठी कुटुंबांना घर नाकारणाऱ्या इमारती आहेत. तुमच्या भाभींना तर फोनवर नुसतं नाव सांगितल्यावर 'जागा कालच गेली' हे किती वेळा ऐकावं लागलं असेल, ते ओळख वाढली की कधीतरी विचारा. बदलापूर त्यांच्या दिरांनीही सुचवलं असेल. त्यांना तिथे घर कोण देणार, हा प्रश्न आहे.

उरला मुलीचा प्रश्न, 'आपण इथले नाही ना?' हा मला सगळ्यात आवडला. उत्तर तोंडी देऊ नका, रविवारी तिला घेऊन चालायला निघा. बुधवारी निघू नका, राणीची बाग आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, दोन्ही बुधवारी बंद असतात. पेंग्विन बघून झाले की संग्रहालयाच्या बाहेरचा दगडी हत्ती तिला दाखवा. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला आणि इथेच राहिला. मग ग्लोरिया चर्च: मूळ चर्च १६३२ सालचं, माझगावातलं, आत्ताची इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. दोन उड्डाणपुलांच्या मधे अडकलेला खडा पारशीचा पुतळा, पायाशी जलपऱ्या. पुढे निळं-पांढरं मागेन डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांनी बांधलेलं. ते बगदादहून आलेले ज्यू. आज त्या आवारातल्या शाळेत बहुतेक मुलं मुसलमान आहेत.

दुसऱ्या रविवारी माझगावला जा. म्हातारपाखाडीच्या गल्लीत लाकडी सज्जांची घरं अजून उभी आहेत. तिथल्या ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची घरची भाषा मराठीच, फक्त तुमच्या कानाला वेगळी लागेल. टिळकांचे सहकारी आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झालेले जोसेफ 'काका' बाप्टिस्टा याच पाखाडीतले. भंडारवाड्याच्या टेकडीवर त्यांच्या नावाची बाग आहे. तिथून खाली डॉकयार्ड रोड स्टेशन आणि पलीकडे गोदी दिसते. जवळच नवाब टँकपाशी चिनी देऊळ आहे, १९१९ चं, गोदीत काम करणाऱ्या चिन्यांनी बांधलेलं. मुलीचे पाय दुखायला लागले की कुठल्याही इराण्याकडे बनमस्का.

चालता चालता तिला एकेक करून विचारा, हे कुठून आले असतील? बगदाद, इराण, चीन, कच्छ, गोवा. मदनपुऱ्यातले विणकर अन्सारी उत्तर प्रदेशातून आले. आग्रीपाड्यातले बेने इस्रायली ज्यू अलिबागकडून. त्यांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत, कारण ते तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे. त्यांचीही मातृभाषा मराठी. माझे आजोबा कराडहून गिरणीत आले, त्यांना अर्धी मुंबई 'घाटी' म्हणायची. कोळ्यांनी तिला 'तुम्ही कुठून आलात' विचारलं तर तिने बार्शी सांगावं. बाकी कुणी विचारलं तर उलट तोच प्रश्न विचारावा.

त्या फिरण्यात भाभींची मुलगी असली तर बरं. तुम्ही लिहिलंय ती सहा-सात वर्षांची आहे. तिला विचारलंत का कधी बरोबर यायचं का म्हणून?

तोवर शेंगा भाजून ठेवा. डबा समोर नेताना झाकण नीट लागलंय का बघा, चटणीचं तेल जिन्यात सांडलं तर खालच्या पारशी आजी पहिल्या तुमच्या नावाने ओरडतील. आणि एकदा त्या ओरडल्या की तुम्ही या इमारतीच्या झालात असं समजा, भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी.